अळणी डबा

पुडीचं टोक दातात धरून श्रुतिकाने ते फाडलं आणि डब्याच्या वरच्या कप्प्यात, वरणावर, मीठ सोडलं. बोटाने ढवळलं, बोट जीन्सला पुसलं. मग खालचा कप्पा काढून दुसरी पुडी दुधीच्या भाजीत. रिकाम्या पुड्या खिशात, झाकण घट्ट. सगळं मिळून अर्धं मिनिट. पाचव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये दुपारी एक वाजता कुत्रं फिरकत नाही, आणि स्वतःच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत अंतर तरी किती, मोजून अकरा पावलं. मधे लिफ्ट.

लिफ्टसमोरून जाताना ती पलीकडच्या भिंतीला खेटून जायची. दीड वर्ष झालं, साळव्यांच्या घरातलं कोणी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नव्हतं. कोणी म्हणजे उरलेल्या दोघी, ती आणि मम्मी. भाजीच्या पिशव्या घेऊन मम्मी पाच मजले चढायची, मधे तिसऱ्यावर थांबून गुडघे धरायची आणि परत चढायची.

समोरचं दार नंदकिशोरचं. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एवढं चकचकीत दार दुसरं नाही. ते श्रुतिकाच्या दादाने, अनयने, पॉलिश केलेलं. अनय फर्निचर पॉलिशचं काम करायचा, हाताचं, जुन्या पद्धतीचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा कपड्यात गुंडाळायचा, आणि लाकडावर फिरवत राहायचं, गोल, गोल, मग आठाचा आकडा, परत गोल. आठ दिवस तो या दाराशी बसला होता. नंदकिशोर नाकाला रुमाल लावून आत-बाहेर करायचा आणि म्हणायचा, "अरे अनय, दार करतोयस का गुत्ता उघडतोयस माझ्या घरात? वास बघ." सगळे हसले होते. तेव्हा तो नंदूकाका होता.

त्या वासाचंच पुढे सगळं झालं.

लिफ्ट तीन महिने नाटकं करत होती. कधी मधेच थांबायची, कधी दार उघडायचं आणि लिफ्ट वरच्याच मजल्यावर. नंदकिशोर सोसायटीचा सेक्रेटरी, दुरुस्तीचा कागद त्याच्याच टेबलावर पडलेला. एका संध्याकाळी अनय कामावरून आला, हात न धुताच परत खाली निघाला, मम्मीच्या गोळ्या आणायच्या राहिल्या होत्या म्हणून. दार उघडलं. तो मोबाईलमध्ये बघत लिफ्टच्या दारातून आत गेला. आत काही नव्हतं.

पोलीस आले तेव्हा नंदकिशोर म्हणाला, "मुलगा प्यायलेला होता. मी स्वतः वास घेतलाय."

एवढं पुरलं. लिफ्टवाले सुटले, कमिटी सुटली, फाइल बंद. आणि ज्या पोराने आयुष्यात बिअरच्या बाटलीचं बूच उघडलं नाही, जो दर रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा, तो बेवडा ठरला. चर्चमध्येसुद्धा दोघीतिघींनी मम्मीला बाजूला घेऊन विचारलं, "सुगंधाबाई, कधीपासून लागली होती हो सवय?" त्या रविवारपासून मम्मी मागच्या बाकावर बसायला लागली.

श्रुतिका तेव्हा अकरावीला होती. वर्गात एक पोरगा ती दिसली की अंगठा तोंडाशी नेऊन मान मागे टाकायचा. तीन दिवस तिने बघितलं. चौथ्या दिवशी कंपास बॉक्स उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. चार टाके पडले. मुख्याध्यापक म्हणाले, माफी माग आणि बस. तिने माफी मागितली नाही, ती बसलीही नाही. दप्तर उचलून घरी आली ती आलीच. आता संध्याकाळी चार ते अकरा मुलुंडच्या मॉलमध्ये फ्राइजच्या काउंटरवर उभी राहायची. मिठाच्या पुड्या तिथल्याच.

एकदा तिने घराची किल्ली नंदकिशोरच्या दारावर टेकवली होती. वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढायची, बस. पण ओढवली नाही. लाकूड त्याचं होतं, चमक दादाची होती.

तिने कोपराने दार ढकललं. दुपारी कडी लावलेली नसायची.

नंदकिशोर खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको कधीच वारलेली. मुलगा निहार बंगळूरला. आला, चार दिवस राहिला, सकाळी आठ ते साडेबारासाठी एक बाई ठेवली आणि गेला.

श्रुतिकाने पलंगावरचं छोटं टेबल पुढे ओढलं, त्यावर पेपर पसरला, डबा उघडून ठेवला. डाव्या हातात चमचा दिला. भरवायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मग भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

तो खायला लागला. पहिला घास तोंडात गेला की त्याचे डोळे बारीक व्हायचे, एक क्षण. बस, तेवढ्यासाठी ती उभी राहायची. मग तो मान खाली घालून खात राहायचा. सगळं. एक शीत ठेवायचा नाही.

जेवून झालं की रोज तेच. त्याने तिच्याकडे बघितलं, तोंड वाकडं करून जोर लावला.

"अन… अन…"

"संपलं अन्न," श्रुतिका म्हणाली. "किती खाशील?"

त्याने डाव्या हाताचा अंगठा तोंडाशी नेला.

"पाणी पाहिजे? लागणारच. खारट झालं का रे?" ती हळूच हसली.

मग त्याने पंजा उघडून हवेत हलवला, नाही, नाही असा.

"नको? बरं, नको तर नको." पाण्याचा तांब्या तिने टेबलावर ठेवला, त्याच्या हाताला जेमतेम लागेल असा, आणि डबा गोळा करून निघाली.

या डब्यावरून घरात भांडण झालं नव्हतं असं नाही. ज्या रात्री मम्मीने विषय काढला, की त्याचा दुपारचा डबा आपण देऊ, त्या रात्री श्रुतिकाने ताट सरकवून दिलं होतं.

"तुला वेड लागलंय मम्मी."

"लागलं असेल."

"दादाला बेवडा ठरवला त्याने. आणि तू त्याला वरणभात घालणार."

मम्मी चपाती लाटत राहिली. "बाहेरच्या डब्यात मीठ-तेल असतं. त्याला अळणी लागतं. वैरी उपाशी असला तर त्याला जेवू घालायचं, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे पडतात. पाळकसाहेबांनी सांगितलेलं विसरलीस?"

"खरेखुरे निखारे?"

"पडतील तेव्हा बघ."

"म्हणजे तू त्याला जाळायला जेवण देणार. असं सांग ना सरळ."

मम्मीने लाटणं थांबवलं. "मी काय संत नाही गं. प्रेमबिम माझ्याच्याने होत नाही त्याच्यावर. आतून काही येत नाही. हाताला जेवढं जमतं तेवढं हाताने करते."

"मग त्याच हाताने नेऊनही दे."

"नाही." हे ती एवढं पटकन आणि एवढं तुटक बोलली की श्रुतिकाने वर बघितलं. "न्यायचं तू. मी त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही."

आणि लावला नाही. रोज वेगळ्या छोट्या पातेल्यात अळणी वरण, अळणी भाजी, डबा भरून दारात द्यायची आणि दार लोटून घ्यायची. सकाळच्या प्रार्थनेत, वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ करतो, ही ओळ आली की मम्मीचे ओठ मिटायचे. बाकी सगळी प्रार्थना मोठ्याने, ती एक ओळ सोडून. श्रुतिका डोळे किलकिले करून बघायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. ती ओळ तीसुद्धा नुसती ओठ हलवून म्हणायची.

पहिल्या दिवशी ती खरंच त्याच्या टकलाकडे बघत उभी राहिली होती. निखारे सोडा, घामाचा थेंब नव्हता. तो आरामात जेवला. श्रुतिकाच्या डोक्यात तिडीक गेली. देव त्याच्या वेळेने काम करतो म्हणतात. ठीक आहे, पण कोणी जरा हातभार लावला तर त्याला काय वाईट वाटणार. त्याच संध्याकाळी तिने काउंटरवरून दोन पुड्या उचलल्या.

त्याला बोलता येत नव्हतं, हे तर उत्तमच होतं. एका खोट्या वाक्याने ज्याने माणूस मातीत घातला, त्याला आता वरण खारट आहे एवढंसुद्धा सांगता येत नव्हतं.

मग एका दुपारी ती डबा घेऊन निघाली तर पॅसेजमध्ये शकु चपला पायात सरकवत होती. शकु म्हणजे नंदकिशोरचं सकाळचं सगळं करणारी बाई, कणकवलीकडची, आवाज असा की खालच्या मजल्यावर ऐकू जावा.

"उशीर केलास गो शकुमावशी आज?" श्रुतिका तिच्याच चालीत म्हणाली.

"माझी टिंगल नंतर कर. डॉक्टर येऊन गेलो. तुझ्या आवशीक सांग, तेल कमी घाल म्हणान."

"तेल नसतंच."

"मग मीठ?"

"अळणी असतं सगळं. चाखून बघ पाहिजे तर." श्रुतिकाने डबा पुढे केला. बोलून गेली आणि लगेच डबा अर्धा मागे घेतला, कारण पुड्या अजून फाडल्या नव्हत्या हे तिला दोन क्षण आठवेचना.

"माका कित्याक चाखूचा," शकु म्हणाली. "माझा ताट घरी वाट बघता. पण बीपी उतरत नाय बघ. दोनशेच्या घरात गेला. गोळ्या मीच देतंय, त्या चुकत नाय. डॉक्टर म्हणालो, असाच रवला तर दुसरो झटको येतलो. आणि दुसऱ्याक माणूस उठणा नाय." तिने लिफ्टचं बटण दाबलं. "पोराक फोन केलंय. म्हणता, रविवारी बघतंय. रविवारी काय बघतलो? कॅलेंडर?"

लिफ्ट आली, शकु गेली. पॅसेज परत रिकामा झाला.

श्रुतिकाने दोन्ही पुड्या खिशातून काढल्या. एकीचं टोक दातात धरलं. कागदाची चव जिभेला लागली.

कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. झटका आला असता. लोक म्हणाले असते, वय झालं होतं. काही जण हळूच म्हणाले असते, देव बघतो. मम्मीसुद्धा कदाचित म्हणाली असती. दादाच्या फोटोसमोर उभं राहून तिला सांगता आलं असतं, झालं, फिटलं.

तेवढ्यात लिफ्ट परत वर आली. कोणी बोलावली नव्हती. अजूनही ती अशीच करायची. दार उघडलं. आत पिवळा दिवा, आरसा, कोणी नाही. जमीन होती. श्रुतिका त्या जमिनीकडे बघत राहिली, दार बंद होईपर्यंत. मग तिने पुडी दातातून काढली. दोन्ही पुड्या तशाच खिशात ठेवल्या.

नंदकिशोर वाटच बघत होता. टेबल, पेपर, डबा, चमचा. ती भिंतीला टेकली नाही, खिडकीपाशी उभी राहिली. दुपारचं ऊन सरळ आत येत होतं.

त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. डोळे बारीक झाले नाहीत. त्याने सावकाश तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

म्हणजे त्याला कळत होतं. इतके दिवस, रोज, पहिल्या घासाला कळत होतं, आणि तरी तो शेवटच्या शितापर्यंत खात होता. श्रुतिकाने नजर खिडकीबाहेर वळवली. समोरच्या टॉवरवर रंगाऱ्यांचा पाळणा लटकत होता, त्यात दोन माणसं बसून डबा खात होती.

त्याचं जेवण झालं. तिने न मागता ग्लास भरून दिला. तो पूर्ण प्यायला. तिने परत भरला.

"अन…" तो म्हणाला. "अन…"

"संपलं. उद्या आणते."

अंगठा तोंडाशी गेला.

"हे काय, समोरच तर आहे." तिने ग्लास त्याच्या हाताशी सरकवला.

त्याने मनगटाने ग्लास ढकलला. पाणी पेपरवर पसरलं, टेबलाच्या कडेवरून चादरीवर ठिबकलं.

"मग काय पाहिजे काय तुला?" श्रुतिकाचा आवाज चढला. "अन्न देते, पाणी देते, अजून काय?"

त्याने बोट उचललं आणि तिच्या मागे दाखवलं. दार.

"जाते. मला पण हौस नाही." तिने डबा उचलला. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागे थप् थप् आवाज झाला. तो उघड्या पंजाने टेबल बडवत होता. ती वळली.

त्याने पंजा ओल्या पेपरवर ठेवला आणि फिरवायला लागला. गोल. गोल. मग आठाचा आकडा. परत गोल.

श्रुतिका जागची हलली नाही.

त्याने दाराकडे बघितलं. तोंडाचा सगळा वाकडा भाग ओढून, मानेच्या शिरा ताणून जोर लावला. "अन…" ओठ नुसतेच हलले. परत. "अन… य."

मग बोटं नाकाशी नेली, वास घेतल्यासारखी. दार दाखवलं. मग अंगठा तोंडाशी नेऊन मान मागे टाकली, जेवढी जात होती तेवढी. तो अंगठा तिने पाहिला होता. पाण्याचा नव्हता. अकरावीच्या वर्गातला होता.

मग पंजा उघडला. नाही. नाही.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत केलं. अनय. वास, दार. अंगठा. नाही.

"परत."

तिसऱ्या वेळेला त्याचा हात अर्ध्यातच खाली आला. तो धापा टाकत होता.

श्रुतिकाला पहिला दिवस आठवला. पहिल्या दिवशी डब्यात मीठ नव्हतं. पाण्याचा ग्लास भरलेला होता, तिच्यासमोर. आणि तेव्हाही त्याने हेच केलं होतं, अन, अंगठा, पंजा, आणि तिने म्हटलं होतं, खा खा, सवय आहे तुला फुकटचं खायची. पन्नास दिवस तरी झाले असतील. रोज.

"तेव्हा का नाही बोललात?" ती विचारत होती आणि आवाज तिचा वाटत नव्हता. "तेव्हा तर तोंड होतं."

याला त्याच्याकडे खूण नव्हती. हात ओल्या पेपरवर पडून राहिला. त्याने नजर खाली घेतली नाही, एवढंच.

तिने पेपर उचलला, चादरीचा ओला भाग कोरड्या पेपरने टिपला. तांब्या त्याच्या हाताला नीट लागेल असा ठेवला. तिची टाळू तापली होती, केसांत हात घातला तर चटका बसावा एवढी. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणूनही असेल.

घरी मम्मी ओट्यापाशी तांदूळ धूत होती.

"लवकर आलीस. जेवला का?"

"जेवला."

"मग चेहरा असा का?"

श्रुतिकाने खिशातून दोन पुड्या काढल्या आणि ओट्यावर, तांदळाच्या पातेल्याशेजारी ठेवल्या.

"हे काय?"

"मीठ."

मम्मीने पुड्यांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. नळ वाहत होता. पातेल्यातून पांढरं पाणी ओसंडून मोरीत जात होतं. "कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. आज सोडून."

ती वाट बघत होती. हात उठेल, किंवा मम्मी देवाचं नाव घेईल, किंवा रडेल. मम्मीने नळ बंद केला. ओले हात तसेच ओट्यावर टेकवले.

"माझ्या हातांवर माझा भरवसा नव्हता," मम्मी म्हणाली. "रोज तो डबा भरताना मला काय काय सुचायचं ते तुला नाही सांगत. म्हणून तुला पाठवत होते. वाटायचं, तू लहान आहेस."

बाहेर लिफ्टचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. दोघींनी नेहमीसारखे खांदे आक्रसून घेतले.

"मम्मी, तो अन्न नव्हता मागत."

"काय?"

"मला वाटायचं तो अन्न म्हणतोय. रोज. आणि पाणी. तो ते नव्हता मागत." तिने दाराकडे बघितलं. "तू चल. मला नाही सांगता येणार. तू स्वतः बघ."

"काय बघू?"

"दादाचं नाव घेतोय तो."

मम्मी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पदराला हात पुसायला घेतले आणि पुसायचे अर्धेच राहिले. ती दाराबाहेर आली. चपला घातल्या नाहीत. पॅसेजमधून चालताना ती भिंतीला खेटली नाही, मधून चालली, सरळ, लिफ्टच्या दारासमोरून. श्रुतिका मागे दोन पावलं.

चकचकीत दारापाशी ती थांबली. दीड वर्षात तिने त्या दाराकडे लांबूनच बघितलं होतं. उजवा तळवा उचलून तिने दारावर ठेवला, सपाट, पोराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि ठेवून राहिली. मग दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर घेतला. चर्चमध्ये प्रार्थनेला उभी राहताना घ्यायची तसा. आणि उंबरा ओलांडला.

श्रुतिका आत गेली नाही. दारावर मम्मीच्या ओल्या तळव्याचा ठसा उमटला होता, पाचही बोटं. हातपॉलिशवर पाणी राहू द्यायचं नाही, पांढरा डाग पडतो आणि मग जन्मात जात नाही, असं दादाने नंदूकाकांना दहा वेळा बजावलं होतं. तिने बाही तळहातावर ओढली, पुसायला हात दारापर्यंत नेला आणि तिथेच धरला.

आत पलंग करकरला. मग तो आवाज, रोजचाच, ओढून आणलेला.

"अन…"

मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज.

"हं," मम्मी म्हणाली. "अनय. पुढे बोला, भाऊ. मी बसलेय."